मामाची ढांग

माझा मामा घोड्यांशी आणि माणसांशी एकाच आवाजात बोलतो. "हां... हळू... घाई कशाची?" जेवतानाही तेच. मामी म्हणते, "आता गाजरही भरवा!"

तीस वर्षं तो घोड्यांना उडी शिकवतोय. सगळी विद्या सहा लाकडी दांड्यांची. ते जमिनीवर आडवे, ओळीने ठेवायचे. दोन दांड्यांत मामाच्या तीन ढांगा. कँटरमध्ये, म्हणजे मध्यम दौडीत, घोड्याची झेप नेमकी तेवढी. अंतर जमलं की टबडक, टबडक, टबडक, आणि पुढचा अडथळा अलगद पार. टेप? "टेप शिंप्याला. मला ढांग आहे!"

गेल्या वर्षी मामा घसरला, खुबा मोडला. सळई घातली, काठी आली, काठी सुटली. "झालो बघ पहिल्यासारखा!"

बाईसाहेब मात्र बिघडली. बाईसाहेब म्हणजे त्याची लाडकी पांढरी घोडी, शिंगरू असल्यापासून त्याच्या हातची. आता दांड्यांवर टबडक-ठक, टबडक-ठक. मामाने नाल बदलले, खोगीर बदललं, डॉक्टर आणला. एकदा "आळशी!" म्हणून ओरडला आणि नंतर तासभर तिची मान चोळत बसला. शेवटी त्यानेच घोडीच्या मालकाला सांगितलं, "पाय गेले हिचे. विकून टाका."

मालकाने सकाळी कागदावर सही केली, दुपारी नव्या मालकीणबाई गाडी घेऊन आल्या. सोबत त्यांची मुलगी.

"नेण्याआधी एकदा पळवून बघू?" बाईंनी खिशातून टेप काढला आणि दांडे सरकवून तीन-तीन मीटरवर ठेवले.

मामा हसला. "ठेवा कसेही, ताई. अडखळणारच ती."

मुलगी घोडीवर बसली. टबडक, टबडक, टबडक. सहाही दांडे. पुढच्या अडथळ्यावरून तर नुसती तरंगत गेली.

"पाय छान आहेत की हो हिचे!" बाई म्हणाल्या.

मामा पहिल्या दांड्यापाशी गेला. मोजत निघाला. एक. दोन. तीन. पुढचा दांडा अजून ढांगभर लांब. तो मागे आला. खुब्यावर हात दाबून, पाय ताणून पुन्हा चालला. तीन. दांडा तिथेच, लांब.

घोडी गाडीत चढली. फळी वर झाली. आतून ती खिंकाळली.

"मास्तर, काही सांगायचंय हिच्याबद्दल?"

"डावीकडे वळताना घाई करते," मामा म्हणाला. त्याच आवाजात, हळू. "आणि ताई... आळशी नाहीये ती. कुणी म्हणालं तर ऐकू नका."