मामांचा गुडघा

"आज काय जमायचं न्हाय. गुडघा धरलाय."

असं म्हणून मामा मटकन खाली बसत, दोन्ही हातांनी एक गुडघा कवटाळत आणि समोरच्या पाहुण्याकडे अशा चेहऱ्याने बघत की पाहुण्यालाच त्यांची कीव यावी. मुंबईहून आगबोटीने रेवसला उतरून, तिथून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत गडाच्या पायथ्याशी आलेला माणूस तो. त्याने खरं तर चिडायला हवं. पण चिडलेला माणूस मी पाहिला नाही. उलट परत गेल्यावर लोक मामांना तेल पाठवत.

तेलाच्या बाटल्यांची एक फळीच होती त्यांच्या घरात. कुणा वैद्याचं, कुणा हकिमाचं, कुणाच्या आजीच्या हातचं. रेवसच्या एका व्यापाऱ्याने तर खास बाहेरून मागवलेलं उग्र वासाचं तेल आणून दिलं होतं आणि "चाचा, सात दिवस लावा, इन्शाअल्ला धावायला लागाल," असं बजावलं होतं. मामांनी मान डोलावली. मामी ते तेल दिव्यात घालत. त्यांच्या घरात गेलं की देवापाशी औषधाचा वास येई.

सगळे त्यांना गुडघेमामा म्हणत. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे. ते मी सरकारी कागदावर माझ्या हाताने लिहिलेलं आहे. इथे लिहीत नाही.

ही पंचवीस सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा अलिबागच्या कचेरीत कारकून होतो, नुकतंच लग्न झालं होतं, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. गडावरच्या पाण्याच्या टाक्यांची आणि मोजणीखात्याच्या खुणेच्या दगडाची देखरेख करायला, आणि कोणी वर जाणारं आलं तर वाट दाखवायला, सरकारने मामांना नेमलं होतं. पगार थोडका, पण दर महिन्याचा. तो घ्यायला ते कचेरीत येत तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करत असे. ते मला भाऊसाहेब म्हणत.

गड फार उंच नव्हता. वाईट होता तो शेवटचा टप्पा. खिंडीतून वर आलं की डोंगराची धार लागे, दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकणार नाहीत एवढी अरुंद, आणि दोन्ही अंगांना नुसती हवा. धार संपली की उभा कातळ, त्यात खोदलेल्या खोबण्या, पायाचा चवडा कसाबसा मावेल एवढ्या. वरून अख्खी खाडी आणि समुद्र दिसतो म्हणतात. म्हणतात, असंच मला लिहावं लागतं. मी वर गेलेलो नाही.

माणूस या वाटेला लायक आहे की नाही हे मामा कसं ठरवत, ते मी दोन-तीनदा सरकारी कामाने पायथ्याशी गेलो तेव्हा बघितलं होतं. ते काही विचारत नसत. आधी पाणी देत, तांब्या काठोकाठ भरून. गावापासून त्यांच्या घरापर्यंतचा चढ चढून आलेल्या माणसाच्या हातात तो तांब्या किती हिंदकळतो, एवढं बघत. मग त्याला बोलू देत. जो फार बोले, मागे कुठले कुठले डोंगर चढलो ते सांगे, त्याच्याकडे त्यांचं जरा जास्त लक्ष असे. आणि मग घरामागच्या खडकापाशी नेत.

खडक दीड पुरुष उंच. त्यात चार खोबण्या होत्या, मामांनीच खोदलेल्या.

"चढतो की," पाहुणा म्हणे.

"चढाल वो. चढून नका दाखवू. उतरून दाखवा."

सगळ्यात खालची खोबण खडकाच्या पोटाखाली होती. उतरताना ती दिसत नसे. खडकाकडे तोंड करून, हातांवर भार ठेवून, पायाने चाचपत ती शोधावी लागे. वरच्या कातळातही नेमकी अशीच एक होती म्हणे, फक्त तिच्याखाली जमीन नव्हती. पाहुण्याने ती शोधली तर मामा काठी उचलून चालू लागत. नाही शोधली तर त्यांचा गुडघा धरे.

कुणालाही ते कधी 'तुम्हाला जमणार नाही' म्हणाले नाहीत. बायकोसमोर, मुलांसमोर, मित्रांसमोर बढाया मारून आलेला माणूस. त्याने खाली जाऊन सांगावं, वाटाड्याच लंगडा निघाला हो, नाहीतर गेलोच होतो. तुम्ही-आम्हीही असंच काही सांगितलं असतं.

हे सगळं मला माझ्यावर पाळी आली तेव्हा कळलं.

माझा मेहुणा मुंबईहून आला होता. त्याच्यासमोर मी गडाची अशी वर्णनं केली होती की जणू मी रोज संध्याकाळी तिथे फिरायला जातो. पायथ्याशी गेल्यावर मामांनी आम्हाला पाणी दिलं. मग खडक. मेहुणा हसत चढला आणि सरड्यासारखा उतरला. मग मी. चढलो ठीक. उतरताना शेवटची खोबण पायाला लागेना. मेहुणा खालून बघत होता. मी हात सोडले आणि उडी मारली. हातभराचं तर अंतर. नीट उभाही राहिलो.

"झालं!" मी हात झटकत म्हणालो. "चल, निघू या."

मामा खाली बसले. "भाऊसाहेब, आज काय जमायचं न्हाय. गुडघा धरलाय."

मेहुणा हसायला लागला. "भाऊजी, तुमच्या सरकारने वाटाड्या बरा शोधलाय!"

मी हसलो नाही. आम्ही आलो तेव्हा मामा कुणा आधीच्या पाहुण्याला परत लावत होते आणि त्यांनी डावा गुडघा धरला होता. आता उजवा धरला होता. मी त्या हातांकडे बघितलं आणि मामांनी माझ्याकडे. त्यांनी हात हलवला नाही.

परतीच्या वाटेवर बैलगाडीत मेहुणा गाणं म्हणत होता. तो सगळं विसरलाही होता. मी विसरलो नाही.

पुढे पावसाळा संपल्यावर वरून विचारणा आली की गावोगावी असे जे नेमलेले लोक आहेत ते कामाला लायक आहेत का, याचा अहवाल पाठवा. तो अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मामांच्या नावापुढे मी लिहिलं, 'दोन्ही गुडघे निकामी. चढण्यास असमर्थ.' यात एक शब्द खोटा आहे असं कोणी म्हणू शकलं नसतं. साक्षीला मुंबईपर्यंतची माणसं उभी राहिली असती, तेलाच्या बाटल्यांसकट.

मामांना बोलावून मी तो मजकूर त्यांना वाचून दाखवला. "काही म्हणणं आहे का तुझं?"

त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. नाही, माझे गुडघे धड आहेत, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर ज्यांना ज्यांना त्यांनी परत पाठवलं होतं, त्या सगळ्यांना आपण का परतलो ते कळलं असतं. मामा ते म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं. आज एवढ्या वर्षांनी मी हे लिहितो आहे ते मुख्यतः हे एक वाक्य लिहायचं आहे म्हणून. मला ते माहीत होतं, आणि तरीही मी शाईचं पॅड त्यांच्यापुढे सरकवलं.

"दुखतात खरं," मामा म्हणाले आणि त्यांनी अंगठा दिला.

त्यांच्या जागी दुसऱ्या गावचा एक तरणा गडी नेमला. मनाने चांगला होता. कुणाला नाही म्हणत नसे. पाणीही देई, पण तांब्याकडे बघत नसे.

एक शाळामास्तर होते. मामांच्या वेळी दोनदा येऊन परत गेले होते आणि दोन्ही वेळा मामांना तेल देऊन गेले होते. अतिशय सज्जन माणूस. वरून समुद्र बघायचा एवढीच त्यांची हौस. पुढच्याच मार्गशीर्षात ते तिसऱ्यांदा आले. गवत वाळून पिवळं पडलं होतं, आणि वाळलेलं गवत धारेवर ओल्यापेक्षा वाईट. त्या गड्याने त्यांना नेलं. जाताना ते वर पोचले, समुद्रही बघितला. उतरताना पडले.

पंचनाम्याला मी मामलेदारांबरोबर गेलो. मास्तरांचा देह खाली एका कपारीत अडकला होता. नवा गडी धारेच्या अलीकडे बसून रडत होता, उठायला तयार नव्हता. गावातलं कोणी उतरायला धजत नव्हतं. शेवटी कोणीतरी मामांना आणलं.

मामांनी वहाणा काढून नीट शेजारी शेजारी ठेवल्या, दोर घेतला आणि खडकाकडे तोंड करून खाली गेले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. वर आले ते मास्तरांना पाठीला बांधून आले. एकेक पाय ठेवायच्या आधी चाचपून बघत होते, पाठीवरच्या माणसाला अजूनही इजा होऊ शकत असावी तसे.

लोकांनी दोर सोडला. मामलेदार मामांकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय हो," ते म्हणाले, "हाच ना तो? दोन्ही गुडघे निकामी झालेला?"

मी हातातले कागद सारखे करायला लागलो. आजूबाजूला गाव उभं होतं, आणि मामांनी ते ऐकलं होतं. दम लागल्यामुळे त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. ते खाली बसले. दोन्ही हातांनी एक गुडघा धरला.

"कवा कवा लई धरतो, रावसाहेब," ते म्हणाले. "भाऊसाहेबांनी बघितलाय. आज जरा बरा हाय."

"अस्सं," मामलेदार म्हणाले आणि पंचनाम्याकडे वळले.

मी खाली मान घालून मजकूर लिहून घेतला. माझं अक्षर त्या दिवशीही चांगलंच आलं.

तो गडी गेला, जागा रद्द झाली, वाट बंद करण्याचा हुकूम निघाला. हुकुमाचा मसुदा माझाच. मामांना परत नेमावं असं मला लिहिता आलं असतं. पण मग आधीच्या अहवालाचं काय, असा प्रश्न आला असता. पुढे माझी बढती झाली आणि बदलीही. मी बोटीत बसलो तेव्हा मला हलकं वाटलं, हेही सांगून टाकतो.

अलिबागला परत आलो ते दहा वर्षांनी. केस पिकायला लागले होते, पोट सुटलं होतं. महिनाभर आज जाऊ, उद्या जाऊ करत एका रविवारी सकाळी गडाच्या पायथ्याशी गेलो. मामा दोन वर्षांपूर्वी वारले होते. तापाने. मामी अंगणात सुपारी सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं, काठोकाठ भरून. माझ्या हातात तांब्या हिंदकळला. त्यांनी बघितलं नसावं.

"मामी, तो कागद मी लिहिला होता," मी म्हणालो. "गुडघ्यांचा."

"व्हय. त्यांनी सांगितलेलं."

"काय म्हणाले?"

मामींचे हात थांबले नाहीत. "काय म्हननार? म्हनले, भाऊसाहेब काय वाईट मानूस न्हाय. पन शेवटाला उडी टाकतो. त्याला वरती न्हेयाचा न्हाय, बस्स."

"रागावले नाहीत?"

"तुमच्यावर? न्हाय. त्या मास्तरवर रागवायचे. म्हनायचे, मी दोनदा परत लावला, तर तिसऱ्यांदा आला कशाला." त्यांनी सोललेली सुपारी टोपलीत टाकली. "मास्तरनी दिलेलं तेल मातुर आमी दिव्यात घातलं न्हाय. हाय अजून फळीवर."

मला तिथे बसवेना. मी उठून घरामागे गेलो. खडक होता तसाच होता. खोबण्यांत माती साचली होती आणि एकीत गवत उगवलं होतं. मी वहाणा काढल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि वर चढलो. धाप लागली. वरून गडाची धार दिसत होती, उन्हात पिवळी.

मग खडकाकडे तोंड करून उतरायला लागलो. एक खोबण, दुसरी, तिसरी. चौथी पायाला लागेना. मी पाय इकडे नेला, तिकडे नेला. बोटं दुखायला लागली. खाली बघायची गरज नव्हती, हातभराचं अंतर आहे हे मला चांगलं माहीत होतं, आणि बघायला तर तिथे कोणीही नव्हतं.

सुपारी सोलल्याचा आवाज थांबला होता. घराच्या कोपऱ्याशी मामी येऊन उभ्या होत्या.

"घाई नको करू, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "हाय तिथंच ती."