तळाचा दाणा

माझी भाची भाग्यश्री हिला तिच्या मार्गदर्शक सरांनी फसवलं. आणि त्या सौद्यात मध्यस्थी मी केली, हेही आधीच सांगून टाकतो.

पाच आठवड्यांपूर्वी मंगळवेढ्याला ज्वारीच्या ढिगासमोर उभा होतो, तेव्हा बहिणीचा फोन आला. "दादा, भागू पडली... उठंना." सकाळी चहा घेताना डोकं दुखतंय म्हणाली, दुपारपर्यंत मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. चोवीस वर्षांची पोर. मी फोन खिशात ठेवला आणि समोरच्या शेतकऱ्याला भाव सांगितला. का सांगितला, अजून कळत नाही.

दुधनीहून ती एम.टेक.साठी सोलापूरला माझ्याकडे राहायला आली होती. मी सातवी नापास, पोती उचलत धान्याचं दुकान उभं केलेला माणूस. संगणकातलं संशोधन म्हणजे बटण दाबायचं काम, असं मला वाटायचं. ती मोबाइलवर ज्वारीच्या दाण्यांचे फोटो काढून संगणकाला किडका दाणा ओळखायला शिकवत होती. एकदा नाचतच दुकानात आली. "मामा, जवळजवळ सगळे बरोबर वळखले!" दाणे कुठले, विचारलं, तर एकाच पोत्याच्या तोंडाशी असलेले. मला हसू आवरेना. "वरचा माल बघून भाव करतीस व्हय? वरचा दाणा दाखवायला असतोय. तळाचा काढ की!"

ती हसली नाही. निळ्या वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून टोकदार नळी खुपसून माझी पोती तळापासून उपसायला लागली. वेगवेगळ्या गावांची ज्वारी, कधी उन्हात, कधी गोदामाच्या अंधारात... निकाल धाडकन खाली आला. "बुडालीस," मी म्हटलं. "न्हाय मामा, आत्ता कुटं खरं दिसाय लागलं." मग प्रत्येक चुकीची नोंद वहीत. कुठला दाणा, कसला उजेड, संगणक काय चुकला. परक्या माणसाला वाचून तसंच करून बघता आलं पाहिजे, म्हणायची.

सरांना मात्र पहिलाच आकडा हवा होता. तळाचे दाणे वगळ, नाहीतर छापायच्या लेखावर तुझं नाव नाही, असं त्यांनी तिला बजावलं. ती अडून बसली. मी तापलो, भांडायला म्हणून कॉलेजात गेलो आणि सवयीनं सौदा करून परत आलो. आकडा सरांचा, नाव तिचं, पण दुसऱ्या क्रमांकावर. जिंकल्यासारखं वाटलं होतं. घरी सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मामा, तुमी तळाचाच माल सोडून आलात की." दुसऱ्या दिवशी ती दुधनीला आईकडे गेली, चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बहिणीचा तो फोन आला.

गेल्या आठवड्यात तिच्या मैत्रिणीनं छापून आलेला लेख दाखवला. आकडा पहिलाच. नाव एकट्या सरांचं. आमच्या बाजारात माणूस मेला तरी त्याला दिलेला शब्द मरत नाही.

निळी वही आता दुकानात माझ्या गादीशेजारी असते. शेवटच्या पानावर लिहिलंय, "मामाच्या पोत्यातले तळाचे दाणे, पुन्हा करून बघणे." पानांच्या बेचक्यात ज्वारीचा भुसा अडकलाय... झटकवत नाही.

सर, माझा सौदा मी मोडला. वही घेऊन तिच्या आईसोबत तुमच्या दारात येतोय. तळाचे दाणे कुठं गेले आणि तिचं नाव कुठं गेलं, ते मला नको, त्या माउलीला सांगा.