टाचेखालची खापरं

रात्रभर सुटलेला वारा सकाळीही पडला नव्हता. माळावर धूळ अशी उडत होती की बोलायला तोंड उघडलं तर दात करकरायचे. घारीने डोक्याचा रुमाल नाकावर ओढला, कमरेच्या पिशवीत लाल झेंड्या खोचल्या आणि ओळीत आपल्या जागी उभी राहिली. डावीकडे नेहमीप्रमाणे अक्का.

घार हे काही तिचं खरं नाव नव्हे. जमिनीवरचं नखाएवढं खापर चालता चालता हेरते, म्हणून टोळीने ठेवलेलं. अक्का तिची थोरली नणंद. नवी नवरी होती तेव्हा घारीला या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं. अक्कानेच हाताला धरून माळावर आणलं. खाणवाले तांबं शोधायला बोअर मारणार, त्याआधी टोळीने ती जमीन चालून काढायची. जुन्या वस्तीची काही खूण दिसली की झेंडी रोवायची. झेंडी लागली की बोअरची गाडी तिथे फिरकत नाही. ओळीतल्या प्रत्येकीला आपला पट्टा आणि दुसरीच्या पट्ट्यात डोकवायचं नाही, हा कुणी न लिहिलेला कायदा. "नवऱ्यावर संशय घ्या गं, पण शेजारणीच्या पट्ट्यावर नको," असं अक्का म्हणायची आणि टोळी खिदळायची.

उंचवट्यावर चढताना घारीच्या पट्ट्यात खापरंच खापरं लागली. ती झेंड्या रोवत सुटली. अक्काकडे एकही नाही.

"तुझ्याकडे गं?"

"कुठलं काय. माझं नशीबच कोरडं."

तेवढ्यात घारीची एक झेंडी वाऱ्याने उपटून अक्काच्या पट्ट्यात नेली. ती आणायला घार धावली, वाकली, आणि तशीच थांबली. मातीत टाचेची खूण होती, गोल पिळलेली. तिच्या तळाशी खापराची ताजी तुटलेली कड लालभडक दिसत होती. तिने बोटाने माती सारली. मडक्याचा अख्खा काठ चुरला होता. पुढच्या टाचेखालीही तेच.

गेले काही दिवस अक्का अशीच टाच पिळत चालत होती. बायका चेष्टा करायच्या, "अक्का, नाचाचा क्लास लावलास की काय?" कुरूप दुखतंय, म्हणायची.

"अक्का, हे काय?"

अक्काने मागे पाहिलं. टोळीच्या प्रमुख बाई ओळीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. "हळू बोल. माझ्याही पट्ट्यात झेंड्या लागल्या तर खाणवाले गाशा गुंडाळतील. मग माझ्या भाच्याला गाडीवर कोण घेणार? तुझा बाप?"

भाचा म्हणजे घारीचाच मुलगा. शिकून घरी बसलेला.

"त्याला माहीत आहे हे?"

"त्यानेच तर गळ घातली. आणि तुझा नवरा म्हणाला, घारीला तेवढं कळू देऊ नकोस."

काल संध्याकाळी मुलगा अक्काच्या टाचांना तेल चोळत बसला होता. नवरा शेजारी हसत होता. पोरगं गुणाचं निघालं, म्हणून घार चुलीपाशी मनातल्या मनात सुखावली होती.

"मला का नाही विचारलं?"

"विचारून हो म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते. पण तुमच्या तोंडावर म्हणाले असते."

तिने पिशवीतली झेंडी काढली आणि अक्काच्या पट्ट्यात रोवली. मग दुसरी, मग तिसरी.

"घारे, पोराच्या पोटावर पाय देतेस."

घारीने बाईंना हाक मारली. बाई धापा टाकत आल्या, गुडघ्यावर बसल्या, चुरलेला काठ हातात घेऊन हळहळल्या. "कुणाचा पाय पडला यावर?"

अक्का जमिनीकडे बघत होती.

"माझा," घार म्हणाली. "झेंडी धरायला धावले, त्यात."

"तू? एवढी जुनी बाई तू, आणि बघून चालता येत नाही?"

टोळीदेखत तिने बोलणी खाल्ली.  अक्का परत ओळीत जाऊन उभी राहिली.

घरी तिच्याआधी बातमी पोचली होती. नवरा खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा बघत होता. मुलगा दारातच उभा.

"झालं समाधान? मातीतली मेलेली माणसं जास्त जवळची ना तुला?"

"हो," चपला काढत ती म्हणाली. "त्यांनी अजून माझ्यामागे काही शिजवलेलं नाही."

 अक्का आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं होतं. घारीला वाटलं, आता तरी ती बाहेर येईल, काहीतरी म्हणेल, शिव्या घातल्या तरी चालतील. ती आली नाही.

नळाला पाणी आलं. घारीने बादली लावली, भरल्यावर सरकवली आणि दुसरी लावली.