कुत्र्यासाठी मुक्काम

नांदेडच्या डॉक्टरांनी आमच्या कुत्र्याच्या मूत्रमार्गातला खडा काढला आणि बजावलं, "सकाळपर्यंत याला आपणहून लघवी झाली पाहिजे. नाही झाली तर लगेच परत आणा. उशीर झाला तर हाती लागणार नाही."

आमच्या साखरा गावी घरी जाऊन पुन्हा नांदेड गाठायचं म्हणजे फार लांब. म्हणून आम्ही नवराबायकोने वाटेत कळमनुरीलाच मुक्काम करायचं ठरवलं. पण कुत्र्याला खोली कोण देणार? लॉजवाल्यांनी गाडीत डोकावून पाहिलं आणि हात जोडले. शेवटी एका ओळखीच्यांनी फोन केला आणि निजामाच्या काळातल्या जुन्या विश्रामगृहात आमची सोय झाली.

दगडी भिंती, उंच छत, पुढे खांबांचा व्हरांडा. म्हातारा चौकीदार त्या जागेला स्वतःच्या घरासारखं जपत होता. कुत्रा दिसताच त्याचा चेहरा उतरला.

"ह्यो आत न्हाई चालणार. व्हरांड्यात ऱ्हाऊ द्या. पण घाण न्हाई झाली पाहिजे, बराबर हाय ना?"

"मामा, ती व्हावी म्हणूनच तर थांबलोय," मी म्हणाले आणि त्याला सगळं सांगितलं. तो आत निघून गेला.

खरं तर हा कुत्रा मला घरात नकोच होता. यांनी आणला, यांनीच लाडावला. मी इतकी वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडली. आता पाण्याचं भांडं घेऊन त्याच्यामागे मीच फिरत होते. तो झाडापाशी जायचा, हुंगायचा आणि तसाच परत यायचा. हे नुसते उभे. तेच मला सहन होईना.

"असं काहून उभे राहून राहिले तुमी? पडा जरा," मी खेकसले. हे हलले नाहीत. मला कुत्र्याची जितकी काळजी वाटत होती, तितकीच यांचीही.

उजाडलं. चौकीदार झाडू घेऊन आला. त्याने आधी व्हरांड्याची फरशी निरखली. कोरडी होती.

"न्हाई झाली?"

मी मान हलवली. हे गाडीची किल्ली शोधायला लागले.

तेवढ्यात कुत्रा उठला, अडखळत मधल्या खांबापाशी गेला आणि त्याने पाय वर केला. आधी नुसते थेंब. मग धार लागली ती थांबेचना. हे मटकन पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मलाही रडू आवरेना. पहिल्या बाळंतपणातून सुटले तेव्हासुद्धा मला इतकं हायसं वाटलं नव्हतं.

मग त्या खांबाकडे लक्ष गेलं. मी पदर खोचून बादली शोधायला निघाले.

"ऱ्हाऊ द्या ताई, मी धुतो," चौकीदार म्हणाला. "तुमी डाक्टरला फोन लावा." आणि नळाकडे जाता जाता तोंड वळवून म्हणाला, "रातभर माझाबी डोळा लागला न्हाई."