सनद पारोशी आहे

हे सकाळी बूट घालता घालता बोलले. पाठ माझ्याकडे होती. म्हणाले, "आईले वाटेत सांगून टाक. ती परत मिळत नाही." मी कोण परत मिळत नाही म्हणून विचारायच्या आत डबा घेऊन निघाले. उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये हे क्रेनवर आहेत, पहिली पाळी असली की थांबता येत नाही. फाटकाशी गेल्यावर मात्र मागे वळून म्हणाले, की आपण ती दान दिली, तशी सही आहे. दुरुस्तीचं आईच्या समाधानासाठी सांगितलं होतं.

मी दारातच उभी राहिले. आत सासूबाई अंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून तयार बसल्या होत्या. मांडीवर धुतलेली कापडी पिशवी. सनद घरी आणायला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांच्या सासऱ्यांच्याही आधीच्या कोणाला तरी नागपूरच्या दरबारातून एका गावाची पाटीलकी मिळाली होती, त्याचा तो कागद. दीडशे वर्षांच्या वरचा असेल. त्यावर मोडी अक्षरं आणि खाली काळा गोल शिक्का. गाव गेलं, जमीन गेली, मोडी वाचणारेही गेले. कागद देव्हाऱ्यात राहिला. आमच्या घरी दसऱ्याला विळी-कोयत्याआधी सनदेची पूजा व्हायची. तिला रोज नाही, पण सणावाराला गंध लागायचं, आणि आत्याबाई कुंकवाचं बोट शिक्क्याच्या शेजारीच टेकवायच्या. त्यांच्या सासूनेही तिथेच टेकवलं होतं. तो भाग इतका लाल होता की शिक्का कुठे संपतो आणि कुंकू कुठे सुरू होतं ते कळायचं नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी बीरगांवच्या आमच्या घरात भिंतीतून उधई चढली. वाळवीला आम्ही उधईच म्हणतो. देव्हाऱ्याची मागची फळी खाल्ली आणि सनदेची एक कडा. आत्याबाई तेव्हा जेवल्या नाहीत. मग ह्यांना मिलमध्ये कोणीतरी सांगितलं की शहरात सरकारचं जुन्या कागदांचं दफ्तर आहे, तिथे असले कागद सांभाळतात. हे घेऊन गेले. घरी येऊन म्हणाले, दुरुस्तीला टाकली. आत्याबाईंना ते पटलं. घड्याळ टाकतात, मिक्सर टाकतात, तशी सनद. दर महिन्याला विचारायच्या, आणि हे म्हणायचे की काम सुरू आहे, बारीक काम आहे. मलाही तेच खरं वाटत होतं. शेवटी आत्याबाई म्हणाल्या की एवढ्या दिवसांत तर नवीन सनद लिहून झाली असती, मी स्वतः जाते. त्यांना एकटं कसं पाठवणार, म्हणून मी.

ऑटोमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगायचं म्हणून तोंड उघडलं की एखादा ट्रक आडवा यायचा. धूळ आत येत होती. मी पदर तोंडाला लावला. खरं तर धुळीचं निमित्त होतं. मला लोकांशी बोलायला जमत नाही. दुकानात सुटे मागायचे असले तरी मी पुढच्या गिऱ्हाइकाला जाऊ देते. आणि आज बोलायचं ते असं. आत्याबाई मात्र खुशीत होत्या. त्यांनी गोल बाजारात ऑटो थांबवला. हळद-कुंकवाची पुडी घेतली आणि झेंडूची चार फुलं. दुकानदाराला सांगितलं की आमची पोट्टी दवाखान्यातून घरी येऊन राहिली, जणू सनद म्हणजे लेकच. तो म्हणाला, बधाई हो अम्मा. मी दुसरीकडे पाहिलं.

दफ्तराच्या फाटकावर चौकीदार होता. त्याने पिशवी पाहिली. "दाई, कुंकू-फूल भीतर नइ जाय. कीरा लगथे," असं त्याने इकडच्या बोलीत सांगितलं, कागदांना किडे लागतात म्हणून. आत्याबाई म्हणाल्या की मी रिकाम्या हाताने कशी जाऊ. तो चांगला माणूस होता. त्याने पुडी आणि फुलं आपल्या टेबलावर स्वच्छ कागदावर ठेवली आणि त्यांना पंख्याचा वारा लागू नये म्हणून पाण्याची बाटली आडवी लावली.

आतल्या मॅडम मराठी निघाल्या. पुण्याकडच्या असाव्यात, बोलणं पुस्तकासारखं, पण आवाज मऊ. माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या. त्यांनी मला विचारलं, "कोणत्या रुमालात आहे, माहीत आहे का?" मी काही बोलायच्या आत आत्याबाईंनी कमरेचा रुमाल काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "रुमालात नाही बाई, नळकांड्यात दिली होती. हा तर माझ्या नाकाचा आहे." मॅडम हसल्या, मग आत्याबाईही हसल्या. जुने कागद ज्या कापडात बांधतात त्या गठ्ठ्यालाच तिकडे रुमाल म्हणतात, हे तेव्हा कळलं. त्या हसण्यात मी सांगून टाकायला हवं होतं.

ह्यांच्या नावावरून मॅडमना नोंद सापडली. त्या आत गेल्या. त्यांच्या टेबलावर दुसराच एक कागद पसरलेला होता, चारही कोपऱ्यांवर छोट्या वाळूच्या पिशव्या. त्या परत आल्यावर आत्याबाईंनी विचारलं की हे कायचं. मॅडमनी सांगितलं, हे पत्र. कोणीतरी भर पावसात लिहिलं आहे, की नदीला पूर आहे, मिठाचे बैल ह्या काठालाच थांबले आहेत, पलीकडे लोक वाट पाहत असतील.

"मंग पोचलं का मीठ?" आत्याबाईंनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या की माहीत नाही, उत्तराचं पत्र सापडलेलं नाही. आत्याबाई जरा वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मीसुद्धा. कोण कुठले लोक, पण मला ते बरं वाटलं नाही.

मग मॅडमनी पुठ्ठ्याच्या मोठ्या पाकिटातून सनद काढली आणि आमच्यासमोर ठेवली.

ती पांढरी होती. म्हणजे अगदी पांढरी नाही, सायीसारखी. पूर्वी ती गुंडाळलेली असायची, सोडली की आपोआप परत मिटायची. आता सपाट पडली होती. खाल्लेली कडा पातळ कागदाने भरली होती. शिक्का स्वच्छ, काळा, चारी बाजूंनी मोकळा. त्याच्या शेजारी काहीच नव्हतं.

आत्याबाईंनी डोळे बारीक केले. वाकून पाहिलं, मग मागे टेकल्या.

"ही आमची नाही."

मॅडमनी सांगितलं की आजी, हीच आहे. त्यांनी गावाचं नाव वाचून दाखवलं. ते बरोबर होतं. आत्याबाई म्हणाल्या की वाचणाऱ्याला काय, वाचणारा काहीही वाचेल, आम्ही थोडीच अडवून राहिलो. दुसऱ्या कोणाची असेल, आमची आत शोधा. त्या रागावल्या नव्हत्या. बाळंतिणीला चुकीचं बाळ दिलं तर ती जशी म्हणेल, तशा म्हणाल्या.

माझ्या मनात जे आलं ते मी लिहिते. मला वाटलं, बरं झालं. ही आमची नाही म्हणतात तर परत मागणार नाहीत. घरी जाऊ. मला काहीच सांगावं लागणार नाही. आत शोधत आहेत, सापडली की कळवतील, असं अजून वर्षभर चालेल. मी पिशवीची घडीसुद्धा घालायला घेतली. आणि घालता घालता दिसलं की त्या आता रोज वाट पाहणार. समोर ठेवलेली सोडून दुसरीची.

मी मॅडमना विचारलं, "हिचं कुंकू कुठे गेलं?"

माझा आवाज फार मोठा निघाला. बाजूच्या टेबलावर वाचत बसलेल्या माणसाने मान वर केली.

मॅडमना आधी समजलं नाही. मग त्यांनी संगणक उघडला. म्हणाल्या, साफ करायच्या आधी प्रत्येक कागदाचा फोटो काढतात. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. तिथे ती होती. मळकी, कडा खाल्लेली, दोन्ही बाजूंनी मिटू पाहणारी, आणि शिक्क्याच्या शेजारी तो लाल ढीग. आत्याबाई उठल्या. टेबलाला धरून पुढे गेल्या आणि पडद्यासमोर हात जोडले. मग वाकून कपाळ टेबलाला लावलं, तिथे मॅडमचा चहाचा कप होता, तो मी पटकन सरकवला.

"हीच माय," त्या म्हणाल्या. मग कागदाकडे वळल्या. "म्हणजे ही तीच. पुसून टाकली."

"धुतली, आजी. कुंकवाने कागद जळतो हळूहळू. म्हणून पाण्यात ठेवून, ब्रशने काढलं."

"धुतली तं धुतली. अंघोळ झाली. पण गंध?"

मॅडमनी पाकीट जवळ ओढलं.

"इथे पूजा कोण करते?"

मॅडमनी सांगितलं की इथे पूजा नसते. थंड खोली आहे, ओल लागू देत नाहीत, धूळ बसू देत नाहीत.

"म्हणजे अंघोळ होऊनही पारोशीच राहते," आत्याबाई म्हणाल्या. कोणाला लावून बोलल्या नाहीत. चुलीवरचं दूध उतू गेलं हे जसं सांगावं तसं. मग पिशवी उघडून टेबलावर धरली. "द्या आता. घरी माझ्या हाताने करतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सहीचं माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना कळलं असावं. त्या बोलणार होत्या. मला वाटलं, परक्याने सांगू नये.

मी म्हटलं, "आत्याबाई, ती येत नाही. ह्यांनी दुरुस्तीला नाही, देऊन टाकली आहे. कायमची."

त्यांनी पिशवी तशीच धरून ठेवली होती. बाजूचा माणूस उठून बाहेर गेला. मॅडम म्हणाल्या की मी तो जुना फोटो मोठा छापून देते, फ्रेम करून देव्हाऱ्यात ठेवा. आत्याबाईंनी नाही म्हणून मान हलवली. फोटो गेलेल्या माणसाचा लावतात, ही काही गेली नाही.

मग त्यांनी मला विचारलं, "दिली?"

"हो."

"कोणाले विचारून?" हे मला नव्हतं, ह्यांना होतं. त्यांनी पिशवी गुंडाळून कमरेला खोचली. "दिली म्हणजे दिली. आता काय."

फाटकावर चौकीदाराने पुडी आणि फुलं परत दिली. आत्याबाईंनी फुलं त्यालाच ठेवायला सांगितली. परतीच्या ऑटोत त्या बाहेर पाहत होत्या. ह्यांच्याशी त्या आठ-दहा दिवस बोलल्या नाहीत. वाढायच्या, पण ताट जमिनीवर जरा जोरात ठेवायच्या. नंतर ते आपोआप निवळलं. माझ्याशी मात्र नेहमीसारख्याच वागल्या, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. मी काम करता करता मध्येच उठायचे, देव्हाऱ्याकडे जायचे, परत यायचे. कशाला गेले होते ते आठवायचं नाही.

दसऱ्याला सरकारी दफ्तर बंद असतं. दुसऱ्या दिवशी, बासी दसऱ्याला, आत्याबाई म्हणाल्या की जा, पाहून ये. मी म्हटलं, तुम्ही चला. त्यांनी नाही म्हटलं.

"मले पाहून तिले वाटन, न्यायले आली."

मी एकटी गेले. एवढ्या लांब एकटी मी पहिल्यांदाच गेले. मॅडमची बदली झाली होती. नवीन साहेब हिंदीत बोलत होते. कशासाठी पाहायची आहे असं त्यांनी विचारलं, संशोधन की नक्कल. मी चौथीपर्यंत शिकलेली, संशोधन कसलं करणार. आमच्या घरची आहे, एवढंच सांगितलं. त्यांनी मला बसवलं आणि आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मग आले, दुसरंच काहीतरी उघडून पाहिलं आणि परत आत गेले. गठ्ठे नवीन कपाटांत हलवले आहेत, नंबर बदलले आहेत, असं कोणाला तरी फोनवर सांगत होते. थंड खोलीतलं यंत्र बंद होतं, दार उघडंच होतं, आणि आतून ओल्या पोत्यासारखा वास येत होता. शेवटी त्यांनी एक पाकीट आणलं. त्यात ती होती. मी टेबलाखाली हात जोडले, समोर एक मुलगा लिहीत बसला होता म्हणून. थोडा वेळ शिक्क्याकडे पाहिलं आणि उठले.

घरी आले तेव्हा आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बरी आहे?"

लेकीच्या सासरहून आलेल्या माणसाला असंच विचारतात, आणि तो जे सांगतो तेच मी सांगितलं.

"बरी आहे," मी म्हटलं, आणि दुसरं सूप घेऊन त्यांच्याजवळ बसले.