शेजारीण गाडीखाली का वाकते?

तपासनीस तिकीट तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नाही. बायकोच्या हट्टापायी त्यांनी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर घेतलं, तेव्हाच तिने बजावलं होतं, "वाटेत कुणाशी भांडलात, तर मी बसने परत जाईन."

पहिल्या मुक्कामावरून निघायची आवराआवर चालू असताना शेजारच्या कॅरॅव्हॅनमधली म्हातारी त्यांच्या कॅरॅव्हॅनभोवती फिरताना दिसली. मागच्या बाजूला थांबून तिने वाकून खाली पाहिलं.

"टेहळणी करतेय," तपासनीस पडद्याआडून कुजबुजले.

"तुम्हाला आरशातला माणूससुद्धा विनातिकीट वाटतो," बायको म्हणाली.

त्यांनी घाईघाईने कॅरॅव्हॅन गाडीला जोडली आणि इंजिन सुरू केलं. म्हातारी थेट समोर येऊन उभी राहिली.

"काय हवंय तुम्हाला?" तपासनीसांचा आवाज चढला. बायकोने पर्स उचलली.

"मला काही नको, बाबा. कॅरॅव्हॅन उभी असताना हलू नये म्हणून लावायचे मागचे टेकू खालीच राहिलेत. असे निघालात तर फाटकापर्यंत मोडतील. निघणाऱ्याच्या गाडीभोवती शेजाऱ्याने एक फेरी मारायची, अशी आम्हा कॅरॅव्हॅनवाल्यांत पद्धत आहे."

तपासनीसांनी उतरून पाहिलं. टेकू मातीत रुतलेले होते. त्यांनी हँडल फिरवून ते वर घेतले. बायकोने पर्स खाली ठेवली.

पुढच्या मुक्कामावर शेजारी निघायला लागले, तेव्हा तपासनीस हात मागे बांधून त्यांच्या कॅरॅव्हॅनभोवती फिरले. ते वाकले, तसा आतला पडदा हलला.

"माणूस फार संशयी दिसतोय," ते बायकोला म्हणाले.