घसरड्या चढावर नणंदबाई

पृथ्वीच्या पाठीवर बर्फ पडतो तो केवळ आमच्या नणंदबाईंना गाडी चालवता यावी म्हणून, असं माझं ठाम मत आहे. जर्मनीत, आमच्या ड्रेस्डेनमधली शहाणी माणसं बर्फ पडला की गाडी दारात ठेवून ट्रामची वाट धरत. या मात्र टोपी, मफलर चढवून हौसेने बाहेर पडत. हायब्रिड गाड्या अजून कुतूहलाने पाहिल्या जात होत्या, तेव्हाच त्यांनी एक घेतली होती. कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होत्या, लग्न केलं नव्हतं, आणि गाडीला चक्क ‘अहो’ म्हणत. इंजिन थांबून गाडी नुसत्या बॅटरीवर चालू लागली की आम्हाला बोलायची बंदी असे, कारण चाकांखाली बर्फ कसा वाजतो हे त्यांना ऐकायचं असे. शेजारच्या सीटसमोर पायाशी बिनझाकणाचं ताकाचं पातेलं ठेवून त्या सराव करीत. “ताक सांडलं म्हणजे आपला पाय जड पडला,” असं त्यांचं शास्त्र. त्या शास्त्रापायी मी एकदा ओल्या मोज्यांनी ऑफिसला गेले आहे.

त्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल होता, आणि स्वभावाने तो फार सोवळा. चाक जरा गरगरलं की तो गाडीचा जोरच काढून घेई. मग चढावर कितीही पाय दाबा, गाडी ढिम्म. नणंदबाईंना त्याचं कौतुक. “यांच्यावर डाफरून काही होत नाही. गेनाऊ, अगदी माझ्यासारखं!” त्यांचं घर उताराच्या तळाशी होतं. गाडी ओढायची पुढची चाकं, आणि उलटं चढताना वजन त्यांच्यावर येतं, म्हणून रस्ता गोठला की त्या रिव्हर्समध्येच वर जात. शेजारपाजारचे लोक खिडकीत येऊन बघत.

अशा या बाईंच्या गाडीत त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, बसत नसत. पुण्यात त्यांनी गाडी शिकवली ती मुलाला. मुलीला म्हणाले, “तुला कशाला? तू मागे बस.” म्हणाले तेही प्रेमानेच. एका हिवाळ्यात ते आम्हा सगळ्यांकडे आले आणि नणंदबाईंच्या घरी उतरले, तेव्हा त्या रोज सकाळी गाडीवरचा बर्फ झाडून विचारत, “बाबा, येताय?” आणि बाबा ट्रामचा पास खिशात चाचपत. एरवी बोलून बोलून जीव खाणारी ही बाई मग एकटीच गाडी घेऊन निघून जाई. मला फार वाईट वाटे.

त्यांच्या परतीच्या दिवशी बर्फावर पाऊस पडून सगळं गोठलं. ट्राम बंद, टॅक्सी यायला तयार नाही, आणि विमान तर गाठायचं. “मुलगा चालवेल,” सासरे म्हणाले. नणंदबाईंनी मुकाट्याने माझ्या नवऱ्याला किल्ली दिली. त्याने गाडी सरळ तोंडाने चढावर घातली. मागे बॅगांचं ओझं, पुढची चाकं हलकी. थोडं वर जाऊन गाडी थांबली. त्याने पाय दाबला, आणखी दाबला.

“बंद पडली वाटतं,” मागच्या सीटवरून सासरे म्हणाले.

“बंद नाही पडली, बाबा. नको म्हणतेय,” नवऱ्याशेजारी बसलेल्या नणंदबाई म्हणाल्या.

“मग चालत जाऊ.”

“बाबा, विमान चुकेल,” नवरा म्हणाला. “ताईला चालवू दे.” सासरे गाडीतून उतरले नाहीत.

नवऱ्याने गाडी हळूहळू खाली आणली. त्याच्या जागी बसून नणंदबाईंनी ती वळवली, रिव्हर्स टाकला, शेजारच्या सीटवर हात ठेवून मान मागे वळवली. मागच्या सीटवर, बरोबर त्यांच्या नजरेसमोर, सासरे. मी त्यांच्या शेजारी. सगळा चढ बापलेक एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते; दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. मध्यावर चाक घसरलं, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकला. त्यांनी पाय किंचित उचलला, थांबल्या, पुन्हा निघाल्या.

तेव्हा सासरे हळूच म्हणाले, “माझं डोकं मध्ये येतंय का गं?”

“थोडंसं, बाबा.”

आणि तो ताठ माणूस शहाण्या मुलासारखा माझ्या खांद्यावर कलला. वर पोचेपर्यंत तसाच राहिला.

विमानतळावर ते मुलाला म्हणाले, “हिच्याकडून शिकून घे जरा.” पुढच्या हिवाळ्याआधीच ते गेले. नणंदबाई त्या दिवसाबद्दल फारसं बोलत नाहीत. एकदाच, बर्फ बघत उभ्या असताना, म्हणाल्या, “बाबांनी मला चालवताना पाहिलं ते तेवढंच. आणि खरं सांगू, मला त्या दिवशी रस्ता कमी आणि तेच जास्त दिसत होते.”